जिभेला चिकटलेलं हाड

माझी आत्या दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. खुर्ची पुसायची, हत्यारं उकळायची, भेदरलेल्या पोरांना गोष्टीत गुंतवायची. एकदा गाल सुजलेल्या एका प्राध्यापकांनी खिशातून कुठल्याशा प्राचीन जनावराचा, दगड झालेला दात काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्या दिवसापासून आत्या दगडांची झाली. मागून आणलेली पुस्तकं वाचली, सुट्ट्या नदीकाठच्या दरडीत घालवल्या, आणि पुढे दर उन्हाळ्यात अशी हाडं शोधायला मुलींचं शिबिर भरवू लागली. डॉक्टरांनी टाकलेल्या बोथट कोरण्या आणि झिजलेले टूथब्रश, एवढंच आमचं भांडवल.

आईला हे खूळ पसंत नव्हतं. "वन्सं, एक दिवस नेताय तर न्या. संध्याकाळी मी घ्यायला येते. काही हाती लागलं नाही, तर उद्यापासून ही शिवणाच्या क्लासला."

दिवसभर मी माती कोरली. ऊन कललं तरी नुसते खडे. मग दरडीच्या पोटातून बोटाएवढा तपकिरी तुकडा निघाला.

"आत्या, हाड आहे का गं?"

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार. धू, आणि जीभ लाव. साधा दगड गळून पडतो. हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जीभ धरून ठेवतं."

मी जीभ लावली, आणि नेमकी आई आली.

"अगं बाई! घरी खायला मिळत नाही का तुला?"

तुकडा सुटेना, उत्तर देता येईना. शेवटी ओढून काढला आणि तिच्यापुढे धरला. "चिकटतंय, आई! तूच बघ."

आईने नाक मुरडलं. पण सगळ्या मुली बघत होत्या, आणि माघार तिला ठाऊक नव्हती. तिने जिभेचं टोक लावलं, हात सोडला. तुकडा तसाच लटकत राहिला.

"वहिनी," आत्या म्हणाली, "इतक्या गप्प तुम्ही तुमच्या लग्नातही नव्हता."

आईने तुकडा अलगद सोडवला, उलटसुलट पाहिला. "कुणाचं हाड म्हणायचं हे?"

"उरलेलं सापडलं तर कळेल. खणायला वेळ लागेल."

"शिवण काही पळून जात नाही," आई म्हणाली. "उद्या माझ्यासाठीही एक कोरणी ठेवा."

ते हजारो वर्षांपूर्वीच्या एका रानबैलाच्या बरगडीचं निघालं. माझ्या आयुष्याची वाट त्या बरगडीपासून सुरू झाली; आत्याचे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटायचे नाहीत. आता तिच्याने दरड उतरवत नाही, शिबिर मी भरवते. परतल्यावर खिशातला तुकडा तिच्यापुढे धरते. ती चष्मा शोधत नाही. जीभ बाहेर काढते.