आत कोण बोलत होतं?

गळू फोडून झालं, पट्टी बांधून झाली, आणि टेबलावरच्या बाई कानडीत बोलू लागल्या.

नव्वदच्या दशकात शाहूपुरीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी भूल द्यायला जायचे. या बाई कागलकडच्या. सुशीलाबाई म्हणू, नाव बदललंय. वय चाळिशीचं. मूलबाळ नाही, असं त्यांनीच सकाळी सांगितलं होतं.

अशा बारक्या कामाला आम्ही केटामिन द्यायचो. औषध चांगलं, पण विचित्र. श्वास चालू राहतो, दुखत नाही, डोळे मात्र उघडेच. छताकडे टक लावून बघतात आणि आत कोणी नसतं. भूल उतरताना काही पेशंट बडबडतात. मला त्याची सवय होती. तरी त्या दिवशी अंगावर काटा आला. तो आवाज चाळिशीच्या बाईचा नव्हताच, कोवळ्या पोरीचा होता.

"काय म्हणताहेत?" मी रेहाना सिस्टरला विचारलं. ती निपाणीची, तिला कानडी येई.

तिचा चेहरा पडला. "पोराला हाका मारत्यात मॅडम. पाण्यातनं भाईर ये म्हणत्यात."

बाईंनी माझं मनगट गच्च धरलं. न मिटणारे डोळे दाराकडे वळले, जणू तिथेच कोणीतरी उभं होतं. मी भ्याले, खरंच भ्याले.

सर्जन वैतागले. "अजून थोडं द्या, गप्प होतील."

"नको सर. श्वास अडकला तर? आणि उतरताना पुन्हा हेच होणार."

मी मोठा दिवा मालवला. कपाळावर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहिले. बऱ्याच वेळाने पापण्या मिटल्या.

बाहेर त्यांचे मालक उभे होते. दार साध्या प्लायवूडचं.

"डॉक्टरीणबाई, आत कोण बोलत व्हतं? आमच्या हिला कानडी येत न्हाय."

पेशंटचं गुपित सांगायचं नाही, हा आमचा नियम. पण नुसती गप्प बसले असते तरी त्यांना उत्तर मिळालं असतं. बाईंचा संसार माझ्या जिभेवर होता.

"आमची सिस्टर बोलत होती," मी ठोकून दिलं. त्यांनी आत जाऊन सिस्टरला विचारलं असतं, तर मी तोंडघशीच पडले असते.

त्यांनी आवाज खाली आणला.

"बरं केलासा. झोपेत बी अशीच बोलती. लगीन झाल्यापास्नं. पोराला बोलावती, एवढं कळतं मला. कधी इचारलं न्हाय. तुमी आता सांगितलं असतं, तर मला कळलंय म्हणून वागावं लागलं असतं की."

संध्याकाळी शुद्धीवर आलेल्या बाईंनी विचारलं, "मी काय बोललो-बिललो न्हाय न्हवं?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात बसवून मालक माघारी आले. "त्या पोराचं नाव काय घेत व्हती वो?" मी तोंड उघडलं, तोच हात हलवून म्हणाले, "नगं. ऱ्हाऊ द्या."

पेशंटची माहिती कोणाला देऊ नये, हे आम्हाला शिकवलेलं असतं. ती नको असलेला माणूसही दाराबाहेर उभा असू शकतो, हे मला त्यांनी शिकवलं. ते नाव मला आणि रेहाना सिस्टरला ठाऊक आहे. आम्ही ते आपसांतही कधी घेतलं नाही.