सगळ्यांनाच पाच तारे

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणाला नाही म्हणता येत नाही. दारावर आलेला चादरवाला चादर विकूनच जातो, मतं मागायला आलेले सगळे पक्ष खूश होऊन परततात, आणि माझ्या हातचं अळणी पिठलं खाऊनही त्या "छान झालंय गं" म्हणतात. हा गुण की दुर्गुण, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. मला विचाराल तर दुर्गुण.

दीर गेल्यापासून त्या वसमतला आमच्यासोबतच राहतात. शेतातली हळद मोंढ्यावर नेऊन व्यापाऱ्याच्या ढिगात ओतण्यापेक्षा स्वतः दळून विकावी, म्हणून त्यांनी घरामागच्या खोलीत चक्की टाकली. हळद चांगलीच. गल्लीतल्या बाया डबा घेऊन येतात. पण तेवढ्यावर चक्की चालत नाही. नांदेडच्या एका मोठ्या किराणा दुकानदाराने सांगितलं होतं, "मावशी, माल चोख आहे. दिवाळीआधी नीट छापलेलं पाकीट आणा, पुढच्या फळीवर जागा देतो. साध्या पिशवीत नको." ती जागा मिळाली तर चक्की टिकणार होती, नाहीतर हळद परत त्या ढिगात.

इथल्या फ्लेक्सवाल्याकडे काम दिलं असतं तर त्याने सवयीने चारी कोपऱ्यांत पुढाऱ्यांचे फोटो टाकले असते. म्हणून मी ऑनलाइन स्पर्धा लावायची ठरवली. वेबसाइटवर आपल्याला काय हवं ते लिहायचं, बक्षीस आधीच भरून ठेवायचं, मग कुठकुठले डिझायनर आपापली चित्रं पाठवतात. आपण त्यांना तारे द्यायचे, काय आवडलं, काय नाही ते कळवायचं, ते सुधारून पुन्हा पाठवतात. मुदत संपली की एक निवडायचं. मी शाळेत शिकवते, तेव्हा हे मला जमेल असा माझा समज होता.

"काय लिहू?" मी विचारलं.

"हळदीचं पाकीट पाहिजे म्हणावं. चांगलं करा म्हणावं."

"अजून?"

"अजून काय? त्यांला कळतंय की. त्यांचं कामच हाय ते."

तेवढंच लिहिलं.

चित्रं येऊ लागली. जवळपास प्रत्येकात नवरी. गालाला हळद लावलेली, मान खाली घालून लाजणारी. नाहीतर हातात हळदी-कुंकवाचा करंडा घेतलेली सुवासिनी. जाऊबाई चष्मा लावून, फोन लांब धरून बघायच्या आणि पाच तारे द्यायच्या. प्रत्येकाला. एका पठ्ठ्याने तिखटाचं जुनं पाकीट पिवळं करून पाठवलं होतं, कोपऱ्यात लाल मिरची तशीच. त्यालाही पाच.

"अहो बाई, मिरची आहे ती!"

"असू दे गं. कुणाचं तरी लेकरू बसून करून राहिलंय. पंगतीत एकाला वाढायचं आन् एकाला न्हाई, असं कसं?"

पंगत! माझं डोकंच फिरलं. पंगतीत माणसं जेवायला बसतात. इथं माणसं कामाला लागली होती आणि चुकतंय कुठं ते त्यांना कुणी सांगत नव्हतं. पाच तारे मिळाल्यावर बदलायचं तरी काय? त्यांनी त्याच नवऱ्या पदराचा रंग बदलून परत पाठवल्या. पुढं पुढं तेही बंद झालं. मुदत संपायला आली आणि दुकानात नेण्याजोगं एकही पाकीट हाती नव्हतं. मी विचारलं, यातलं निवडू कोणतं? तर म्हणे, "कोणतंबी निवड, सगळे बराबर हायेत." मी फोन तिथंच टाकला आणि भाजी चिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी एका डिझायनर मुलीचा हिंदीत निरोप आला. तो मी जाऊबाईंना मराठीत सांगितला. मॅडम, तुम्ही सगळ्यांना पाच तारे दिलेत, म्हणून मला काहीच कळत नाही. माझ्या चित्रात काय खटकतंय तेवढं सांगा. मला वाईट वाटणार नाही. नाही सांगितलंत तर मात्र माझी मेहनत वाया जाईल.

जाऊबाई हळद चाळत होत्या. चाळणी थांबली.

"तिला खरंच वाईट न्हाई वाटणार?"

"तीच म्हणतेय ना!"

"मग लिही. नवरी काढून टाक म्हणावं."

"का, ते विचारेल ती."

"मला हळदी-कुंकवाला कुणी बोलवत न्हाई. संक्रांतीला गल्लीत घरोघरी माझ्याच चक्कीची हळद, आन् मी दाराआड उभी. लग्नात हळद माझी, लावायला मी चालत न्हाई. मंग माझ्या पाकिटावर ती नवरी काहून? हळद मी करते. माझं कायतरी असू दे त्याच्यावर."

आवाज चढला नव्हता. मला मात्र भरून आलं, आणि रागही आला. एका घरात राहून हे मी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्याशा गावच्या अनोळखी पोरीने विचारलं, तेव्हा ते बाहेर आलं. मी जसंच्या तसं लिहून पाठवलं आणि स्पर्धेची मुदत वाढवून घेतली.

मग काय, जाऊबाईंची जीभ सुटली. ह्याचा पिवळा लिंबाचा हाय, हळदीचा न्हाई. ह्याचं अक्षर बारीक, मला वाचाया येईना. मिरचीवाल्याला, "बाबा, आधी मिरची काढ." तारे खाली आले. कुणी रुसलं नाही. उलट काहींनी आभार मानले, याचं जाऊबाईंना भारी नवल वाटलं.

त्या मुलीने जाऊबाईंच्या हातांचे फोटो मागवून घेतले. तिचंच पाकीट आम्ही निवडलं. पांढऱ्या कागदावर नुसती ओंजळ, ओंजळीत हळकुंडं, बोटांच्या पेरांत मुरलेली हळद. मनगटं मोकळी.

छापलेली पाकिटं घेऊन आम्ही नांदेडला गेलो. दुकानदाराने एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मावशी, छपाई झकास. पण हात असे मोकळे? सणाचा माल आहे. पुढच्या वेळी हिरवा चुडा तरी घाला ह्यात, बायकांना बरं वाटतं."

जाऊबाई आता मान डोलावणार, हे मी धरूनच चालले होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"अहो, फोटोच तर आहे. कुणाचे का हात असेनात."

"माझे हायेत." त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "ठेवायचं तर असंच ठेवा. नसता आमी परत नेतो."

दुकानदाराने एकदा त्या हातांकडे, एकदा पाकिटाकडे पाहिलं. मग त्याने पुढच्या फळीवरचे डबे बाजूला सरकवले.