जावेपेक्षा मोठा खडा

शिवकन्या ही माझी धाकटी बहीण. पाठची, एकुलती एक. तेरखेड्याच्या आमच्या घरातनं सास्तूरला दिली. आमचं घर म्हणजे काय, ते तेरखेड्यात कुणाला बी इचारा. आमच्या हातच्या फटाक्यानं कुठल्या कुठल्या गावच्या वराती उजळल्यात. आन् आमच्या घरात दुखणं सांगायची रीत न्हाई. फटाक्याच्या दारूनं बोट भाजलं तर माणूस बोट पाण्यात बुडवतंय आन् परत कामाला बसतंय. शिवकन्या तर ह्यात आमच्या सगळ्यांच्या वरताण. अशी बहीण अख्ख्या जिल्ह्यात दुसरी न्हाई, हे म्या सातवी शिकलेला माणूस लिहून देतो. पुढचं समदं तिनंच मला सांगितलंय, म्या त्यात पदरचं काय घातलं न्हाई.

सास्तूरच्या घरात ती थोरली सून. नवरा राजशेखर, सासू तुळजाबाई, धाकटा दीर श्रीनाथ आन् श्रीनाथची बायको अर्पिता. अर्पिता बारावी शिकलेली, अंगानं नाजूक, बोलायला गोड. थोरल्या जावंला आक्का म्हणती. शिवकन्या तिला वरनं काय बोलायची न्हाई, पर तिच्या पोटात जळायचं. अर्पिता शिंकली तरी घरातलं कोण ना कोण "काय झालं गं" म्हणून इचारायचं. शिवकन्याला लग्न झाल्यापास्नं तसं कुणी इचारलंच नव्हतं.

आता दुखत तर तिला बी हुतं. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, मागच्या बाजूला. मधनंच अशी कळ यायची की डोळ्याम्होरं चांदण्या. मग ती पदर कंबरंला घट आवळायची आन् खुरपं चालवायची. लघवी लाल झाली की उन्हाळी लागली म्हणायची आन् धने भिजवलेलं पाणी प्यायची. राजशेखरला एका शबदानं सांगितलं न्हाई. आपण सांगायचं न्हाई, तेनं वळखायचं, असं तिच्या मनात. आन् तेनं काय वळखलं न्हाई.

सोयाबीनची काढणी सुरू झाली. आमच्याकडं काढणीला गेलेल्या बाया दिवसभर पाणी पीत न्हाईत. रानात आडोसा नसतो, चहूकडं गडीमाणसं, मग पाणी पिऊन जायचं कुठं? घागर बांधावर भरलेली असती आन् बाया तिच्याकडं बघत बी न्हाईत. ऊन असं की घामानं पोलकं पाठीला चिकटावं, तरी दिवस मावळल्यावरच तोंडाला पाणी.

अशाच एका दुपारी अर्पितानं हातातला इळा टाकला आन् कूस धरून मातीत लोळायला लागली. "मेले गं आई, मेले," म्हणून अशी वरडली की पल्याडच्या रानातल्या माणसानं टॅक्टर बंद केला. श्रीनाथ मातीच्या पायानं पळत आला. जीप आली. गावातल्या डाक्टरनं सुई मारली आन् म्हणला, "मुतखडा दिसतोय. उमरग्याला खड्याचा खास दवाखाना हाय. तितं सोनोग्राफी करून घ्या."

झालं. त्या दिवसापास्नं अर्पिताची बाज पंख्याखाली. श्रीनाथ लोहाऱ्याहून शहाळी आणायला लागला. खडा विरघळतो म्हणून तुळजाबाई चुलीवर हुलग्याचं पातळ माडगं शिजवायच्या, वरनं तूप सोडायच्या आन् वाटी हातात नेऊन द्यायच्या. बोअरचं पाणी जड म्हणून तिच्यापुरता फिल्टरचा जार आला. शिवकन्या रानातनं यायची, भाकरी थापायची आन् बघायची. शहाळ्यातलं पाणी संपलं की श्रीनाथ ते फोडायचा आन् आतली मलई बी अर्पिताच खायची.

"आक्का, घ्या की जराशी," ती म्हणायची.

"नको. मला काय खडा झालाय?" शिवकन्या म्हणायची आन् भाकरी अशी आपटायची की तव्याला धक्का बसावा.

दवाखान्याचा नंबर लागला त्याच दिवशी श्रीनाथला मळणीयंत्राचा बी नंबर लागला. तुळजाबाई म्हणल्या, "थोरले, तू जा तिच्या संगं. तरणी पोर, एकटीला कसं धाडावं?" म्हणजे पिशवी हिच्या हातात, पाण्याची बाटली हिच्या हातात, आन् जीपमधी खिडकीची जागा अर्पिताला, का तर तिला वारं लागाय पायजे.

उमरग्याचा दवाखाना नवा, फरशी चकाचक. टेबलावर एका काचंच्या बरणीत लोकांच्या पोटातनं काढलेले खडे ठेवलेले. कुणाचा मिरीएवढा, कुणाचा काटेरी, कुणाचा पिवळा. माणसं वाकून वाकून बघत हुती. नर्सबाईनं अर्पिताचं नाव लिहून घेतलं आन् सांगितलं, "पोटभर पाणी प्या. लघवी अगदी जोरात लागली की मला सांगा. तोवर जायचं नाही. लघवीची पिशवी भरलेली असली तरच खडा नीट दिसतो."

अर्पिता पाणी प्यायला लागली. शिवकन्या शेजारी बसून बघत हुती. आन् काय डोक्यात आलं कुणास ठाव, तिनं बी थंड पाण्याच्या मशीनखाली गिलास धरला. अर्पितानं एक गिलास प्यायला की हिनं एक प्यायचा.

अर्पिता हसली. "आक्का, तुमी कशाला पिऊ लागलाव? तुमचं कुठं बघायचंय?"

"तहान लागलीय. तहान बी तुलाच लागती का?"

आन् खरं सांगायचं तर तिला गोड वाटायलं हुतं. कवा नव्हं ते बसून पाणी प्यायला मिळालं हुतं, आन् पलीकडं दाराला कडी असलेला संडास हुता. मशीनजवळच्या म्हाताऱ्यानं तर इचारलं, "बाई, कुठल्या गावची गं तू? तितं पाणी न्हाई का?"

अर्पिताच्यानं दम निघंना. ती चुळबुळायला लागली, पायावर पाय टाकायला लागली आन् गुपचूप जाऊन आली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

"लघवी भरलीय ना?" नर्सबाईनं इचारलं.

अर्पिता खाली बघायला लागली. "आत्ताच जाऊन आले."

"अहो, मघाशी काय सांगितलं मी? बसा परत, प्या परत. डॉक्टर रिकामे बसलेत आत. दुसरं कोण तयार आहे का?"

कुणीच नव्हतं. शिवकन्या उठली. पिशवी अर्पिताच्या मांडीवर टाकली. "माझं भरलंय. माझं बघा."

"तुमचं नाव कुठाय? तुम्हाला काय त्रास?"

"तरास काय न्हाई. निस्तं बघून घ्या."

"त्रास नाही तर कशाला बघायचं बाई?"

"तिचं बघताव, मग माझं बघायला काय झालं? नाव लिहा की."

बाकड्यावरची माणसं हसली. अर्पितानं पदरानं तोंड झाकलं. नर्सबाईला बी हसू आवरंना, पर तिनं नाव लिहिलं आन् हिला आत सोडलं.

आत अंधार, पोटावर गार मलम. डाक्टर आधी गमतीत हुता, "काय मावशी, जावेची बरोबरी का?" म्हणला. मग हातातलं यंत्र उजव्या कुशीवर आलं आन् तितंच अडलं. परत फिरवलं. परत तितंच आणलं.

"इथं दुखतं का?"

"न्हाई."

त्यानं जरासं दाबलं. शिवकन्याचं अंग उडालं, पर तोंड मिटलेलंच. आमच्याच घरची ती.

"मावशी, तुम्ही नाही म्हणा, पण मला इथं दिसतंय. चिंचोक्याएवढा खडा आहे, किडनीच्या तोंडाशी बसलाय. वाट अडलीय, त्यामुळं किडनी सुजलीय. हे आजकालचं नाही. दुर्बीण आत घालून खडा फोडावा लागेल, चिरफाड नाही. पण थांबून चालणार नाही. आता हयगय केली तर किडनी हातची जाईल."

कुणी बी घाबरलं असतं. शिवकन्या बी घाबरली, पर त्याच्या आधी तिच्या तोंडातनं निघालं, "आन् तिचा केवढा हाय?"

"कुणाचा?"

"माझ्या जावंचा."

डाक्टरनं कपाळाला हात लावला. मग अर्पिता परत पाणी पिऊन आत आली, तवा शिवकन्या तितंच उभी हुती. खडा ज्वारीच्या दाण्याएवढा. लघवीच्या पिशवीच्या जवळ आलेला. गोळ्या घ्या, पाणी प्या, आपोआप पडून जाईल, एवढंच. मग डाक्टरनं शिवकन्याच्या किडनीचं अर्पिताला बी सांगितलं आन् म्हणला, "तुम्ही शिकलेल्या दिसता. घरी नीट सांगा. यांना उद्या-परवाच घेऊन या. येताना उपाशीपोटी."

जीपमधी शिवकन्यानं खिडकीची जागा धरली. ताठ बसली. ज्वारीचा दाणा कुठं आन् चिंचोका कुठं. माकणी गाव येईपस्तोर तिला दुखण्याची आठवण बी झाली न्हाई.

अर्पितानं गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली. मग म्हणली, "आक्का, माझ्या दवाखान्याच्या दिवशीच तुमाला हे सुचलं."

"व्हय. मला काय ठाव, तुझ्या दवाखान्यात दुसऱ्याचा खडा चालत न्हाई."

"मला आता कोण इचारणार घरी?"

"तुला गोळी हाय की. खा आन् गप बस."

शिवकन्याला वाटलं, घरी गेल्यावर आपली बी बाज पंख्याखाली पडंल. पर झालं उलटंच. तिनं वसरीवर टेकून सांगितलं तवा तुळजाबाई शेंगा निवडत हुत्या. त्यांनी वर बी बघितलं न्हाई.

"तुला कवा दुखलं? आजवर एका शबदानं बोलली न्हाईस."

"डाक्टर म्हणला, किडनी सुजलीय."

"डाक्टरचं काय, बघायला गेलं की सगळ्यांचंच काय ना काय निघतंय. लेकराला बी खडा हाय म्हणतील."

राजशेखर हातपाय धूत हुता. "तिला काय हुतंय? ती घट हाय," तो म्हणला. "रास होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग बघू निवांत."

शिवकन्यानं अर्पिताकडं बघितलं. डाक्टरचं बोलणं ऐकलेली तीच एकली. अर्पिता बाजंवर बसून माडगं पीत हुती. तिनं वाटी तोंडाला लावली आन् तळ दिसंपस्तोर खाली केली न्हाई. "बोल की गं, काय म्हणला डाक्टर" एवढं म्हणलं असतं तर झालं असतं. पर आमची शिवकन्या जावंच्या पाया पडणारी न्हाई. ती उठली, चुलीपुढं बसली आन् पीठ मळायला घेतलं.

पीठ मळता मळता जळफळाट निराळ्याच गोष्टीचा हुता. शहाळ्याचा न्हाई, माडग्याचा न्हाई. अर्पिताचा दाणा बारका, पर ती भर रानात लोळली, वरडली, आन् अख्ख्या घरानं तिचं खरं मानलं. आपला एवढा मोठा खडा, आन् कुणाला खोटा वाटतोय. अर्पिताला वरडता येतंय. आपल्याला का येऊ नये? किडनी आपली हाय, जाणार ती आपलीच जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या उठली, अंगण झाडलं, पर चा घेतला न्हाई. उपाशीपोटी म्हणून सांगितलं हुतं. धुतलेलं लुगडं नेसली. मग तुळजाबाई न्हाणीकडं निघाल्या, राजशेखर मोटारसायकल पुसायला लागला, शेजारच्या बाया नळावर जमल्या, एवढं समदं नीट बघून तिनं अंगणाच्या मधोमध कूस धरली आन् खाली बसली. आन् मग जी वरडली. "मेले गं आई, मेले, मला कुणी तरी धरा गं." नळावरच्या बायांनी घागरी टाकल्या. कुत्री भुकायला लागली. गल्लीच्या तोंडाचा हाटेलवाला गाळणी हातात घेऊन पळत आला. तुळजाबाईंच्या हातातला तांब्या पडला. राजशेखरचं तोंड पांढरं फटक. त्यानं तिला असं वरडताना कवा ऐकलंच नव्हतं.

तिला त्या घडीला काय लई दुखत नव्हतं. तिनंच मला सांगितलं.

"काय झालं, काय झालं?" बाया इचारू लागल्या. अर्पिता घरातनं आली. आक्काकडं तिनं नीट बघितलं. डोळे कोरडे, लुगडं धुतलेलं. तिला समदं कळलं. पर आता गाव जमलं हुतं, आन् गावात उद्या कोण काय म्हणंल, ते बी तिला कळत हुतं.

"किडनी सुजलीय त्यांची," ती मोठ्यानं म्हणली. "डाक्टरनं कालच सांगितलंय. थांबायचं न्हाई म्हणून."

तुळजाबाई तिच्यावर फिरल्या. "मग काल तुझ्या तोंडात काय हुतं?"

"माडगं हुतं. आन् मला इचारलं कुणी?"

राजशेखर जीप घेऊन आला. त्यानं बायकोला सोताच्या हातानं धरून पुढं बसवलं, पाठीमागं उशी दिली. अर्पिता मागं चढली. तुळजाबाई दारात उभ्या राहिल्या, घराकडं बघत, चुलीकडं बघत. रानात गडी आलेले, भाकरी कुणी थापायच्या?

गाव सरलं, रस्त्याला लागल्यावर शिवकन्याचं कण्हणं बारीक झालं. राजशेखर म्हणला, "जरा बरं वाटायलंय का गं?" त्यानं हे इचारलं तवा तिनं लगेच उत्तर दिलं न्हाई. अजून एकदा इचारू दे म्हणून थांबली. त्यानं परत इचारलं.

"थोडं," ती म्हणली.

मागनं अर्पिता वाकली आन् तिच्या कानाशी हळूच म्हणली, "आक्का, माझं त्या दिवशी खरंच दुखत हुतं हां."

"ठाव हाय मला," शिवकन्या म्हणली. "पर वरडणं कुणाचं चांगलं झालं, ते सांग."

अर्पितानं तोंड खिडकीकडं फिरवलं.