जबड्याखालची दोन बोटं जागा

त्या बाईने मला फसवलं, आणि माझ्याआधी स्वतःच्या मुलीला फसवलं. ती एका बँक अधिकाऱ्याची बायको होती, बालीगंजला राहायची, आणि कलकत्त्यातल्या आमच्या मूठभर मराठी घरांत तिच्या शब्दाला वजन होतं. माझ्या शब्दाला नव्हतं. मी पैसे घेऊन नवऱ्या सजवणारी बाई होते.

हे काम मी हौसेने धरलं नव्हतं. साठचं दशक संपताना कारखान्यांना एकामागून एक टाळं लागत होतं. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यालाही लागलं आणि ते परत उघडलं नाही. मला नऊवारी नेसवता येत होती, खोपा घालता येत होता, आणि घासाघीस करता येत होती. पहिल्या दोन गोष्टींवर कामं मिळाली, तिसरीवर घर चाललं. पण चेहऱ्याचं काम मला येत नव्हतं. तेव्हा आमच्यात चेहऱ्याला स्नो आणि वर पावडर, एवढंच. मुलगी मांडवात घामाघूम झाली की कानापासून हनुवटीपर्यंत पांढरे ओघळ दिसायचे. ते ओघळ पाहून मला चीड यायची. पैसे घेऊन असं काम देणं मला पटत नव्हतं.

म्हणून मी चितपूरला गेले. तिथे जात्रावाल्यांच्या, म्हणजे बंगाली लोकनाटकाच्या मंडळ्यांच्या कचेऱ्या होत्या, आणि त्यांना रंग पुरवणारी दुकानं. एका दुकानात एक म्हातारा रंगभूषाकार बसायचा. त्याच्याकडे मेणात घोटलेल्या रंगाच्या कांड्या होत्या. तीन कांड्यांसाठी मी पाऊण तास भाव केला. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "भावासाठी एवढी भांडलीस, मा, पण कुठल्या कातडीवर कुठला रंग, हे एकदाही विचारलं नाहीस." मला राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, आणि पुढची दोन वर्षं जातच राहिले.

त्याने शिकवलेलं मी अजून विसरलेले नाही. चेहरा एका रंगाचा नसतो. गाल लाल असतील तर बेसखाली, म्हणजे सगळ्या चेहऱ्याला लावायच्या कातडीच्या रंगाखाली, अगदी किंचित हिरवा, नखावर मावेल एवढा. डोळ्यांखाली निळसर काळं असेल तर नारिंगी. तपकिरी वांग असतील तर पिवडीत, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगात, थोडा नारिंगी मिसळून. "शादा दियो ना, मा, छाई होये जाबे," तो म्हणायचा. पांढरं लावू नकोस, राख होईल. काळ्या डागावर पांढरं थापलं की खरंच चुलीतल्या राखेचा रंग येतो. नाजूक कातडी असेल तर वासाचं काही वापरायचं नाही आणि सफेद्याला हात लावायचा नाही, त्यात शिसं असतं. जस्ताची भुकटी चालते. रंग निवडायचा तो उजेडात, खिडकीशी, दिव्याखाली कधीच नाही. आणि आधी तपासायचं. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या हाडाच्या आत, दोन बोटं जागेवर रंग लावून एक दिवस ठेवायचा. खाज आली, लाली आली, तर तो रंग त्या मुलीला नाही.

पुढे मी स्वतः रंग घोटू लागले. कांडी किसायची, पळीत मंद आचेवर वितळवायची, भुकटी मिसळायची आणि छोट्या डब्यांत ओतायची. माझ्याकडे अकरा डबे होते. माझ्या हाताखालच्या नवऱ्या मांडवात माणसांसारख्या दिसू लागल्या आणि कामं वाढली.

त्या बाईने मला बोलावलं तेव्हा तिची मुलगी वीस वर्षांची होती. कॉलेजात शिकायची. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायची आणि अडली की बंगालीत उडी मारायची. मोठी हसरी पोर. पण चेहरा विचित्र होता. दोन्ही गालांवर लाल चट्टे, कपाळावर आणि ओठांभोवती तपकिरी डाग, आणि मध्येच कुठेतरी भलतीच गोरी कातडी. मान मात्र एकसारखी गव्हाळ.

"उन्हाचं आहे हो, ताई," आई म्हणाली. "हिची कातडीच मेली नाजूक. आणि आठ दिवसांवर पाहुणे आलेत."

मुलगा सैन्यात होता, नेमणूक बराकपूरला. आईवडील पुण्याहून चार दिवसांसाठी येणार होते. आमच्याकडच्या मुलींचं हेच होतं. पुण्या-मुंबईच्या मुलीला दोनदा, तीनदा पाहता येतं, कुणी देवळात पाहतं, कुणी लग्नकार्यात. कलकत्त्याच्या मुलीला एकदाच पाहतात, कारण परत एवढ्या लांब कोण येणार. त्या एका बैठकीत काय ते व्हायचं.

मी मुलीला व्हरांड्यात उजेडाला बसवलं आणि डबे उघडले. हिरवा डबा पाहून ती खुदकन हसली. "मावशी, मला टियापाखी करणार?" टियापाखी म्हणजे पोपट.

"पोपट नाही करत," मी म्हटलं. "पण पोपटासारखी बडबड बंद कर, गाल हलतोय."

तिच्या जबड्याखाली मी चार रंग लावले, चार ठिपके. आई शेजारी उभी राहून सगळं विचारत होती. इथेच का लावता? मी सांगितलं, इथली कातडी चेहऱ्याचीच असते, पण दिसत नाही, बिघडलं तरी झाकलं जातं. मला माझं काम समजावून सांगायला आवडायचं. कुणी एवढं विचारत नसे.

मग मी अट घातली. आजपासून चेहऱ्याला पाण्याशिवाय काही लावायचं नाही.

"आठ दिवस? चार करा."

"आठ."

"दुधाची साय तरी?"

"सायही नाही. साबण नाही, हळद नाही, काही म्हणजे काही नाही. नाहीतर मी येत नाही. दुसरं कुणी बघा, वहिनी."

"बरं बाई, आठ," ती म्हणाली. "तुमच्याशी कोण भांडणार."

सौदा मी जिंकले असं समजून घरी आले. दुसऱ्या दिवशी जाऊन जबडा पाहिला. चारही ठिपक्यांखाली कातडी स्वच्छ होती.

पाहण्याच्या दिवशी दुपारी दोनला गेले. चैत्र संपत आला होता आणि गच्चीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. मुलीचा चेहरा पाहिला आणि मला तो आवडला नाही. गाल तुकतुकीत, ताणलेले, कांद्याचा वरचा पापुद्रा काढल्यासारखे.

"काही लावलंत का?" मी विचारलं.

"छे हो. नुसतं पाणी," आई म्हणाली.

मुलगी आईकडे बघत होती. माझ्याकडे नाही. ते मी पाहिलं. तिथे मी डबे बंद करून उठायला हवं होतं. एवढी चूक माझी, ती मी कधी नाकारली नाही. पण पाहुणे चारला येणार होते, आई दिलेल्या शब्दावर ठाम होती, आणि जबड्याखालच्या त्या तपासणीवर माझा विश्वास होता.

मी रंग लावले. लाल चट्ट्यांवर हिरवा, डागांवर पिवडी आणि नारिंगी, वर गव्हाळ बेसचा पातळ हात, मानेशी जुळवून. खिडकीशी उभं करून पाहिलं. चेहरा एका रंगाचा झाला होता. असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. नेहमीप्रमाणे सूचना दिली, चेहऱ्याला हात लावायचा नाही, रुमालाने टिपायचं नाही, काही झालं तरी.

पाहुणे वेळेवर आले. मी स्वयंपाकघरात थांबले, रंग उतरलाच तर हाताशी असावी म्हणून. दाराला पडदा होता, त्याच्या कडेने बाहेरचं दिसायचं. पोहे गेले, संदेशाची मिठाई गेली, चहा गेला. मुलाच्या आईने मुलीला आपल्याशेजारी खिडकीजवळ बसवलं. तेवढ्यात लोडशेडिंग झालं आणि पंखा थांबला.

"तुमची मुलगी फार शांत आहे," मुलाची आई म्हणाली.

"लहानपणापासून तशीच," आई म्हणाली.

ती शांत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हाताने तिने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. आधी मला वाटलं, लाजते आहे. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं, तरी हात उठला नाही. मुलाच्या आईला वाटलं, सासरी जायच्या विचाराने रडते आहे. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. सव्वा तास चाललं हे. मी मध्ये एकदा पडदा सरकवला, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे झाले. तेही मी विसरलेले नाही.

पाहुणे जिन्यात असतानाच मुलगी आत आली. "मावशी, जळते," एवढंच म्हणाली. मी खोबरेल तेल घेऊन रंग उतरवायला लागले आणि कापसावर रंगाबरोबर कातडी आली. दोन्ही गालांची. हिरव्यात लाल मिसळून कापूस मातकट झाला होता.

गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावलं होतं? आईने माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईंनी कसलेतरी रंग फासले. घरी बनवलेले." डॉक्टरांनी माझा हिरवा डबा उचलून वास घेतला. माझा तोल गेला. मी तिथेच आवाज चढवला, डबा त्यांच्या हातातून हिसकावला, नाही नाही ते बोलले आणि निघून आले. रागीट माणसाचं हेच होतं, खरं बोलत असला तरी तो गुन्हेगार दिसतो.

पुण्याहून होकार आला. साखरपुड्यासाठी मुलाची आई महिन्याभराने परत आली आणि तिने तो चेहरा पाहिला. खपल्या पडून गेल्या होत्या, खाली पांढरे आणि काळे डाग उरले होते. तिने पाण्याचा ग्लासही न घेता सांगितलं, आम्हाला रंगवलेली मुलगी दाखवली. ते लग्न मोडलं, आणि मराठी मंडळात सांगितलं गेलं की माझ्या रंगांनी मुलीचा चेहरा जाळला. पुढच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नव्हतं. त्या लग्नसराईत ठरलेल्या चार नवऱ्यांपैकी एकही माझ्याकडे राहिली नाही.

पावसाळ्यात एका दुपारी ती मुलगी एकटी माझ्याकडे आली. तोंडाला पदर. कॉलेज सोडलं होतं. पिशवीतून तिने एक काचेची बाटली काढली, बिनलेबलची, तळाशी करडं मलम. आईने ओळखीच्या एका कंपाउंडरकडून आणलं होतं, कातडी उजळायला. सहा महिने रोज झोपताना आई स्वतः लावून द्यायची. चट्टे आणि डाग त्यानेच पडले होते. त्या आठ दिवसांतही लावलं, आणि पाहण्याच्या दिवशी सकाळीसुद्धा. डॉक्टरांनी मागाहून हे मलम पाहिलं तेव्हा ते म्हणाले, याने कातडी इतकी विरते की वर काहीही लावलं तरी ती भाजते.

"पण जबड्याखाली काही झालं नव्हतं," मी म्हटलं.

"तिथे लावत नव्हतो," ती म्हणाली. "तुम्ही येणार ठरलं तेव्हापासून नाही. मंडळातल्या कोणी आईला सांगितलं होतं, तुम्ही तिथे बघता. आई म्हणाली, ती जागा सोडू या, नाहीतर ती बाई काम घेणार नाही." मग बाटली माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मीपण बोलले नाही, मावशी. मलाही गोरं व्हायचं होतं."

तिच्यावर मला राग आला नाही. मी तिला चहा दिला, तो तिने पदराआडून प्यायला.

बाटली घेऊन मी त्याच संध्याकाळी बालीगंजला गेले. आईने दार उघडलं, बाटली पाहिली, आणि मला आत घेतलं नाही. मी म्हटलं, मंडळात चार बायकांसमोर हे सांगा, एवढंच मागते. ती म्हणाली, "तुम्हाला दुसरं काम मिळेल, ताई. माझ्या मुलीला मी दुसरा चेहरा कुठून आणू? आणि आईनेच जाळलं असं लोकांना सांगून तिला कुठला मुलगा मिळणार आहे?" आयुष्यभर भाव करत आले, आणि त्या दारातून बाटली पिशवीत घालून परत फिरले. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि ते कुटुंब कलकत्त्यातून गेलं.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. मुलगा त्या मुलीला मिळालाच नाही. ती एका शाळेत शिकवते, आणि मलमाचं ठाऊक असूनही अजून समजते की दोष तिच्या नाजूक कातडीचा आणि गोरं व्हायच्या हौसेचा होता. आईने तिला कधी दुसरं काही सांगितलं नाही. ती आई जिवंत आहे, आपल्या मुलाच्या, म्हणजे त्या मुलीच्या भावाच्या घरी सुखात आहे, असं ऐकते. माझं काम गेलं, ते मी नंतर परत उभं केलं, त्याचा जाब मी तिला विचारत नाही. मला एवढंच हवं आहे की तिने मुलीला दिवसाउजेडी समोर बसवावं आणि स्वतःच्या तोंडाने कबूल करावं की मलम कुणी आणलं, कुणी लावलं, आणि ती दोन बोटं जागा कुणाच्या हुशारीने सोडली. हे वाचून कुणी तिला ओळखलं, तर तिला विचारा. ती काय म्हणते ते मला कळवा.