अहरोनाचा वाटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाठच्या भावालाही नाही. एकट्या आईला ठाऊक होतं — तेही मी सांगितलं म्हणून नव्हे. पण सुरुवात कुठून करू?

आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे मराठी यहुदी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. आमच्यात कोहेन नाहीत — म्हणजे मोशेच्या भावाच्या, अहरोनाच्या वंशातले पुरोहित. जुन्या काळी त्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती. लोक पहिलं पीक, कणकेचा पहिला गोळा आणून द्यायचे, त्यावर त्यांची घरं चालायची. आता जेरुसलेमचं मंदिर नाही, वेदी नाही. पण एक देणं उरलंय — पहिला मुलगा देवाचा, म्हणून बाप कोहेनला चांदीची पाच नाणी देऊन त्याला सोडवून घेतो.

सोळा वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅनडात, किचनर गावी आलो. इथलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, लहानसं. दर शनिवारी कुणी ना कुणी विचारायचं, "ज्यूइश? फ्रॉम इंडिया? रिअली?" मी हसून मान हलवायचो. एका शनिवारी तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचायला बोलावण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी, नव्या माणसाला विचारतात तसं, विचारलं, "कोहेन, लेवी, की इस्राएल?" वाचायचा क्रम या तीन कुळांप्रमाणे लागतो, पहिला मान कोहेनचा. मी म्हणालो — "कोहेन."

का? त्या एका शब्दाने लोकांची नजर बदलेल असं वाटलं. आणि बदललीच. पुन्हा कुणी "रिअली?" विचारलं नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर — पण सिनेगॉगमधल्या डॅन आणि लेआला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. त्याला सोडवून घ्यायच्या विधीला ते टोरंटोहून कोहेन बोलावणार होते. मग डॅनच म्हणाला, आपला घरचा असताना बाहेरचा कशाला? मला नाही म्हणता आलं नसतं का? ताप आलाय म्हणता आलं नसतं? मी सूट इस्त्री करून गेलो.

बाळाला चांदीच्या तबकात ठेवलं होतं. बायकांनी गळ्यातल्या साखळ्या काढून त्याच्याभोवती मांडल्या होत्या. मी डॅनला विधीतला प्रश्न विचारला — तुला काय हवं, मुलगा की ही नाणी? डॅनला रडू आवरेना. त्याने नाणी माझ्या तळहातावर ठेवली, आणि मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यातला एक शब्दही चुकला नाही — याचा धक्का मला अजून बसतो.

पुढच्या उन्हाळ्यात ठाण्याहून आई आली. सिनेगॉगमध्ये लेआने धावत येऊन बाळ तिच्या कडेवर दिलं. "युअर सन इज अवर कोहेन!" आईचं इंग्रजी बेताचं, पण तो शब्द तिला कळला. माझ्याकडे वळून म्हणाली, "कोहेन? आपल्यात? कधीपासून रे?"

लेआ हसत उभी. आई काय म्हणाली, ते तिला जाणून घ्यायचं होतं. मी खाली बघत राहिलो. आणि माझी आई — जी जन्मात कधी भाजीवाल्याशीही खोटं बोलली नव्हती — लेआला म्हणाली, "येस. येस."

शुक्रवारी शब्बाथचा पाव करताना तिने कणकेचा लहान गोळा तोडला आणि ओव्हनमध्ये जळू दिला. "हा कोहेनचा वाटा. द्यायला कोहेन नाही म्हणून आपण जाळतो," ती म्हणाली. "खात नाही." उरलेले शनिवार गुडघे दुखतात म्हणून ती घरीच बसली. ती वारली त्याला आता चार वर्षं झाली. विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

खोट्या कोहेनच्या हातून झालेली सुटका ही सुटकाच नव्हे. तो मुलगा अजून सुटलेला नाही, आणि हे आता फक्त मला ठाऊक आहे. टोरंटो इथून तासाभरावर. खरा कोहेन बोलावणं एका फोनचं काम. बारा वर्षांत मी तो फोन केला नाही.

परवा डॅनचाच आला. मुलगा तेराचा होतोय, पहिल्यांदा तोरा वाचणार आहे. त्याच्याआधी, पहिल्या मानाला मीच उभं राहावं अशी त्या मुलाची इच्छा आहे.

मी "हो" म्हणालो.