सोबत आलेला माणूस

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या मनाचं दुखणं माझ्या दोस्ताच्या नावावर चढवलं. त्याला विचारलंही नाही.

आधी दुखण्याचं सांगतो. सुलतानपुरात आमचं किराणा दुकान. ते मी पोराच्या हाती दिलं आणि गादीवरून उठलो. उठलो खरा, पण मग बसावं कुठं हेच कळेना. गिऱ्हाईक यायचं आणि मला विचारायचं, "कोणी नाही का दुकानात?" मी तिथंच, साखरेच्या पोत्याला टेकून, जवळपास पोत्याएवढाच. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की खरंच कोणी नाही. पहाटे जाग यायची ती आढ्याकडे पाहत पडायलाच. भाकरीची चव गेली. टीव्हीवर माणसं हसली की त्यांचा राग यायचा. बायको म्हणाली, "पोट साफ नसन तुमचं." तिनं एरंडेल पाजलं. पोट साफ झालं, मन होतं तिथंच राहिलं.

बुलढाण्याला या दुखण्याचा डॉक्टर आहे, हे मला ठाऊक होतं. पण नातीचं लग्न देऊळगाव राजाला जमत आलं होतं. आमच्याकडे सोयरीक करताना घराण्याची चौकशी होते. शेती किती, पाणी आहे का, पोरगी शिकली किती, आणि शेवटी आवाज बारीक करून, "घरात कोणाच्या डोक्याचं काही नाही ना?" दमा चालतो. शुगर तर आता खात्यापित्या घराची खूण झाली आहे. डोकं तेवढं साफ लागतं. आजोबा त्या दवाखान्यात दिसला असता, तर पोरीचं जमलेलं मोडलं असतं.

म्हणून मी दोस्ताकडे गेलो. हा गावातला जुना शिंपी, लहानपणापासूनचा माझा यार. माझे सगळे शर्ट त्यानंच शिवले आणि एकाचीही बाही दुसरीएवढी नाही. त्याचे गुडघे दुखतात.

"चाल, बुलढाण्याले दाखवू," मी म्हटलं. "मी येतो सोबत."

आमच्या भागात दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. सोबत एक माणूस लागतोच, आणि सोबतच्या माणसाला कोणी काही विचारत नाही. माझी सगळी हुशारी एवढ्यावर उभी होती.

दवाखान्यासमोर दोस्त थांबला. पाटी त्यानं मोठ्यानं वाचली. "मनोविकार. काऊन बे, माह्या गुडघ्याले मन कधी फुटलं?"

"तुही अक्कल गुडघ्यातच हाय ना. एकाच डॉक्टरात दोन्ही होतात."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आत चालू लागला.

डॉक्टर तरुण होता. "काय त्रास होतो, काका?" त्यानं दोस्ताला विचारलं.

"गुडघे."

"तो लाजाळू हाय," मी मध्येच बोललो. "त्याले झोप नाही. पहाटेपासून आढ्याकडे पाह्यत राह्यते."

"भूक?"

"एक नंबर," दोस्त म्हणाला.

"खोटं बोलते, डॉक्टरसाहेब. अर्धी भाकर खात नाही. सून रागावन म्हणून कुत्र्याले टाकते."

"कोणत्या कुत्र्याले?" दोस्तानं मलाच विचारलं. त्याच्याकडे कुत्रा नाही. कुत्रा आमच्याकडे आहे.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "यांना कधी जीव नकोसा होतो का?"

मी दोस्ताकडे पाहिलं. त्यानं उत्तर द्यावं असं मला फार वाटलं. मग मीच म्हणालो, "वावरातल्या विहिरीजवळून नाही जात तो आजकाल. फेरा पडते, पण बांधावरून जाते."

दोस्तानं टेबलाखालून माझं मनगट धरलं. कापड पकडायची सवय असलेला हात, सोडेचना.

"हाव, साहेब," तो म्हणाला. "खरं हाय सारं. मले ठाऊकच नव्हतं."

डॉक्टर मान हलवत म्हणाला, "असं करू. पेशंटनं जरा बाहेर बसावं. मला सोबत आलेल्या माणसाशी बोलायचंय."

दोस्त उठला, आणि दारापर्यंत मुद्दाम लंगडत गेला.

आत पुढं काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. एवढंच सांगतो, की डॉक्टरच्या टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा मी एकट्यानं संपवला. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, विहिरीकडं एकट्यानं जायचं नाही असं बजावलं, आणि ही गोष्ट घरी एका माणसाला तरी सांगा म्हणाला.

डोळे पुसत बाहेर आलो, तर दोस्त बाकावर बसून शेजाऱ्याला शेंगा खाऊ घालत होता. तो शेजारी म्हणजे देऊळगाव राजाचा आमचा होणारा सोयरा, मुलाचा बाप.

सोयऱ्याच्या हातातली शेंग हातातच राहिली. "तुम्ही इकडं?"

"दोस्ताले घेऊन आलो. गुडघे दुखतात त्याचे."

"हो, सांगितलं त्याहीनं." सोयऱ्यानं हातातली शेंग खिशात टाकली. "मी भावाले घेऊन आलो."

"कुठं हायत?"

"चहा प्यायले गेले."

आम्ही बसलो. भाऊ काही आला नाही. तेवढ्यात कंपाउंडरनं आतून हाक मारली आणि सोयरा उठला.

"भाऊ येऊ द्या ना," मी म्हटलं.

"त्याचं मीच सांगतो. लाजाळू हाय तो."

ते वाक्य मी ओळखलं. तो टोपी नीट करत होता आणि ती पुन्हा पुन्हा वाकडीच होत होती. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हणालो, "सोयरे, खरं सांगू का? माह्या दोस्ताले काही झालं नाही. मीच–"

त्यानं रिकाम्या दाराकडं पाहिलं. "हळू बोला," तो म्हणाला. "भाऊ आयकन."

परतीच्या बसमध्ये दोस्तानं उरलेल्या शेंगा माझ्या हातात ओतल्या. मग म्हणाला, "मले सांगता येत नव्हतं का, येड्या?" येडा हा शब्द इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग एरंडेल कायले पेले?"

पुढच्या महिन्यात देऊळगाव राजाची मंडळी सुपारीला आली. चटया टाकल्या, पोहे झाले, चौकशी सुरू झाली. मी पोह्यांची रिकामी बशी उगाच पुसत बसलो. सोयऱ्याकडचा एक म्हातारा पुढं सरकला, आवाज बारीक केला आणि तोंड उघडणार, तोच सोयरा स्वतःच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"घरात कोणाच्या डोक्याचं काही नाही ना?"

मी म्हणालो, "आमच्या एका दोस्ताचे गुडघे दुखतात तेवढे."

"औषध लागू पडलं का त्याले?"

"पडू लागलं. सकाळ अजून जड जाते, पण भाकर जाते पोटात. तुमचे भाऊ कसे हायत?"

"झोपते आता बरा."

"मंग काही हरकत नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही," सोयरा म्हणाला, आणि सुपारी फुटली.

दाराशी बसलेला दोस्त भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला. "साऱ्याइचं झालं असन," तो म्हणाला, "तर माह्या गुडघ्याले कोणी दाखवता का आता?"