डोहातली भांडी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं वाटतही नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. अल्पवयीन मुलांचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता आणि मी शहापूर भागात पोलीस अधिकारी होतो. डोळखांबकडच्या एका गावाची भांडी चोरीला गेल्याची फिर्याद आली. मोठे टोप, पराती, हंडे मिळून अकरा नग. गावाने वर्गणी काढून घेतलेली ही भांडी ग्रामपंचायतीच्या खोलीत असत आणि गावातल्या प्रत्येक लग्नात तीच लागत. आता लग्नसराई तोंडावर आलेली आणि खोली रिकामी.

ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवतानाच संशयिताचं नाव सांगितलं. त्याच गावातला सतरा वर्षांचा मुलगा. आधी एका सायकलचोरीत निरीक्षणगृहात राहून आलेला. आमच्या खात्यात एकदा नाव लागलं की पुसलं जात नाही. गावात तर त्याहून नाही.

चोराला माल विकायची घाई असते. म्हणून आम्ही बाजारातले सगळे भंगारवाले पालथे घातले. एक झाकणसुद्धा सापडलं नाही. मला ते खटकलं.

आठ दिवसांनी मासे धरायला ओढ्याच्या डोहात उतरलेल्या एका बाईच्या पायाला परातीचा काठ लागला. ती धावत सरपंचबाईंकडे गेली आणि त्यांनी आम्हाला निरोप धाडला. पंचांसमक्ष भांडी वर काढली. अकराच्या अकरा. एकालाही पोचा नव्हता. म्हणजे कुणीतरी ती सावकाश, जपून बुडवली होती.

नव्या कायद्याप्रमाणे मुलाला कोठडीत ठेवायचं नव्हतं, चौकशीही साध्या कपड्यांत करायची होती. खरं सांगायचं तर हे लाड मला पसंत नव्हते. पंचायतीच्या ओटीवर मुलाला बसवलं. शेजारी त्याची आई, सरपंचबाई आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली सांभाळणारे म्हातारबाबा. तासभर मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. शेवटी मी कंटाळून विचारलं, "अरे, विकली का नाहीस?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "इकायची नवतीच. कुनाच्याच लग्नात लागू नयेत म्हनून बुडवली."

"का रे?"

"माज्या बहिनीच्या लग्नात नाय दिली. चोराच्या घरी भांडी देत नाय, बोलले. आमी रॉकेलच्या डब्यात भात शिजवला. भाताला वास मारत होता. वऱ्हाड अर्ध्या जेवनावरून उठलं."

आईने पदर तोंडाला लावला. म्हातारबाबा जमिनीकडे बघत राहिले. गुन्हा उघडकीस आला होता, पण शाबासकी घ्यावी असं मला काही वाटेना.

आता पोरगं पुन्हा निरीक्षणगृहात जाणार आणि या खेपेला पक्का चोर होऊन बाहेर येणार, हे मला दिसत होतं. अशी किती तरी पोरं मी पाहिली होती. पण सरपंचबाईंनी ग्रामसभा बोलावली. ठराव केला की मुलाला गावात ठेवावं, पंचायत त्याच्यावर लक्ष ठेवील आणि यापुढे भांड्यांची राखण त्याच्याकडे राहील. मला हसू आलं. "बाई, चोराच्याच हाती किल्ल्या देताय?"

"सायेब, तुमी नेलात तर परत कोन येईल ठाव नाय," त्या म्हणाल्या. "हितं ठेवलात तर तो आमच्या डोल्यासमोर तरी ऱ्हाईल."

बाल न्याय मंडळापुढे तारीख लागली. मला वाटलं, आई येईल आणि फार तर सरपंचबाई. प्रत्यक्षात दोन जीप भरून माणसं उतरली. कामाचे दिवस, रोजगार बुडवून आलेली. मंडळाच्या न्यायदंडाधिकारी बाईंनी विचारलं, "या मुलाची जबाबदारी कोण घेणार?"

मागच्या बाकावरून म्हातारबाबा उठले. "भांडी नाय दिली ती मी. चूक माजी हाय. पयलं नाव माजं लिवा." त्यांच्यामागे एकेक करत सगळी खोली उभी राहिली. ओटीवर डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो पोरगा हुंदके देऊन रडू लागला. मंडळाने त्याला गावाच्या देखरेखीखाली सोडलं.

पुढे त्याने कितीतरी लग्नांत ती भांडी घरोघर पोचवली आणि घासूनपुसून परत आणली. माझी बदली होईपर्यंत त्याचं नाव आमच्या दप्तरी पुन्हा आलं नाही. नंतर चौकशी केली तेव्हाही नाही. पोरं सुधारायला गावाबाहेर धाडावी लागतात, असं मी तोवर समजत होतो. ते माझं अडाणीपण होतं.

कबुली घेण्यात माझा हातखंडा होता, असं खात्यात म्हणत. नोकरीभर मी शेकडो माणसांकडून ती घेतली. अख्ख्या गावाने दिलेली कबुली मात्र एकदाच ऐकली, आणि तिच्यासाठी मला एकही प्रश्न विचारावा लागला नव्हता.